पाय उचलला की मागून ज्वाला: हौस, गणित आणि तुमचं कॅट

पत्र: "माझ्याकडे २०२१ ची एक लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली, आता ४८ हजार किलोमीटर झालेत. वरळीला रात्री मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांच्या सायलेन्सरमधून निळी-केशरी ज्वाला निघताना पाहिली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एक ट्यूनर म्हणतो, ४० हजारांत रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) आणि कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढलेला डाउनपाइप (टर्बोमागची एक्झॉस्टची नळी) बसवून देतो. माझ्या गाडीतूनही ज्वाला निघेल, इंजिनाला काही होत नाही, कंपनीच्या महागड्या गाड्यांतही हेच असतं. बाबा म्हणतात, गाडी पेटेल. मित्र त्याच्या जुन्या बुलेटवर किल स्विचने फटाके काढतो, तिला तर काही झालेलं नाही. ज्वाला नेमकी का निघते? मी हे करून घ्यावं का? जाता जाता एक: गाडी घेतल्यापासून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय उचलला की मागून हलकं फट-फट ऐकू येतं. ते चांगलं ना?" — एक वाचक, बोरिवली

उत्तर:

जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण घाई त्याचीच आहे. तुमच्यासारख्या साध्या बीएस-६ पेट्रोल हॅचबॅकने मूळ अवस्थेत पाय उचलल्यावर फटफटायला नको. म्हणजे एक तर आधीच्या मालकाने तिच्यावर काही करून ठेवलं आहे, नाही तर कुठेतरी बिघाड आहे. ते कसं शोधायचं ते खाली सविस्तर सांगतो. त्याआधी ज्वाला का निघते ते समजून घ्या, कारण फट-फट आणि ज्वाला ही एकाच गोष्टीची लहान-मोठी रूपं आहेत.

एक्झॉस्टमध्ये आग लागायला तीन गोष्टी एकाच वेळी तिथे पोचाव्या लागतात: न जळलेलं पेट्रोल, ते जाळण्यापुरता ऑक्सिजन आणि पेटवण्याइतकी उष्णता. पेट्रोलची वाफ साधारण २५० ते २८० अंश सेल्सिअसला ठिणगीशिवाय पेटते. जोरात चालवलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू ८५० ते ९५० अंशांवर असतो. म्हणजे उष्णतेची कमतरता कधीच नसते. कमी असतात त्या बाकीच्या दोन गोष्टी, कारण इंजिन नीट चालत असेल तर पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही सिलिंडरमध्येच संपतात. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. हे प्रमाण राखलं आणि ठिणगी वेळेवर पडली, तर मागे जाळण्यासारखं फारसं काही उरत नाही.

वेळेवर म्हणजे किती वेळेवर, हे आकड्यांत पाहू. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. पिस्टन अगदी वर आल्यापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागेपर्यंत क्रँक साधारण १३० अंश फिरतो, म्हणजे हातात साडेतीन मिलिसेकंद. एरवी ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडते आणि एवढ्या वेळात सगळं जळून होतं. आता हीच ठिणगी पिस्टन वर जाऊन परत २०-३० अंश खाली आल्यावर टाकली तर? तोवर दाब उतरलेला असतो, ज्वाला रेंगाळत पसरते, आणि ती पसरत असतानाच व्हॉल्व्ह उघडतो. मिश्रण जळत जळतच नळीत शिरतं. गॅरेजमध्ये याला टायमिंग मागे घेणं म्हणतात. पॉप्स अँड बँग्स नावाने जो रिमॅप विकला जातो त्याचा गाभा एवढाच.

एक शब्द इथेच नीट करून घेऊ. आपल्याकडे सगळ्यालाच बॅकफायर म्हणतात. खरं बॅकफायर इनटेकच्या बाजूला होतं, एअर फिल्टरकडे. एक्झॉस्टमध्ये होतं ते आफ्टरफायर. मेकॅनिककडे तक्रार सांगताना आवाज पुढून येतो की मागून, हे स्पष्ट सांगा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि चुकीच्या टोकाकडून तपासणी सुरू झाली की पैसे वाया जातात.

मूळ सेटिंगमध्ये पाय उचलल्यावर काय होतं? थ्रॉटल (हवेची झडप) मिटतो, आणि इंजिन साधारण १५०० आरपीएमच्या वर असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर पूर्ण बंद करतो. पेट्रोल शून्य. चाकंच इंजिनाला फिरवतात आणि एक्झॉस्टमधून नुसती हवा जाते. आग लागायला काही नसतंच, म्हणून नीट असलेली गाडी इथे गप्प असते. पॉप-बँगच्या फाइलमध्ये (रिमॅप करताना ईसीयूत टाकतात ती सेटिंग) तीन गोष्टी उलट केलेल्या असतात: इंजेक्टर चालू ठेवतात, थ्रॉटल किंचित उघडा ठेवून हवा आत घेतात, आणि टायमिंग मागे ओढतात. जे पेट्रोल वाचायचं ते मुद्दाम नळीत नेऊन जाळलं जातं.

शर्यतीच्या गाड्यांत हे वेगळ्या कारणाने होतं, आणि तिथे त्याला अर्थ आहे. पूर्ण जोरावर चालणाऱ्या टर्बो इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मुद्दाम सोडतात. त्याची वाफ होताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह थंड राहतात. उरलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन नळीच्या टोकाशी बाहेरची हवा मिळाली की पेटतात. सिक्वेन्शियल गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना काही क्षण ठिणगी बंद करतात, म्हणजे दातांवरचा जोर सुटून गिअर पडतो. तेवढ्यात आत गेलेलं पेट्रोल न जळता मागे जातं आणि प्रत्येक गिअरला एक ज्वाला दिसते.

रॅलीच्या गाड्यांतला प्रकार याहून पुढचा: अँटी-लॅग. वळणावर पाय उचलला की टर्बोची गती पडते आणि परत दाबल्यावर जोर यायला उशीर होतो. तो उशीर टाळायला टायमिंग खूप मागे घेऊन पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरपासून टर्बोपर्यंतच्या नळ्यांत) जाळतात. इंजिन जोर देत नसलं तरी तिथल्या स्फोटांवर टर्बाइन फिरत राहतं. १९९४ च्या टोयोटा सेलिका जीटी-फोरच्या रॅलीसाठी काढलेल्या रस्त्यावरच्या आवृत्तीत याचे भाग बसवूनच येत, पण बंद ठेवलेले. कंपनीला माहीत होतं की रोजच्या वापरात हे चालू ठेवलं तर टर्बो आणि मॅनिफोल्ड टिकणार नाहीत. रॅलीचा संघ टर्बो हा वापरून टाकायचा भाग धरतो. तुमच्यासाठी तो गाडीइतकीच वर्षं चालायला हवा असा भाग आहे.

मग लॅम्बॉर्गिनी शोरूममधून ज्वाला टाकत येते ते कसं? पहिलं कारण अगदी साधं, नळीची लांबी. तिचं इंजिन मागे असतं, सायलेन्सर त्याला लागूनच, आणि व्हॉल्व्हपासून टोकापर्यंतचं अंतर फार थोडं. १९८७ च्या फेरारी एफ४० चंही तसंच. तिच्या मागच्या तीन नळ्यांपैकी मधली तर टर्बोच्या वेस्टगेटची, म्हणजे टर्बाइनला नको असलेला जास्तीचा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची. तुमच्या गाडीत इंजिन पुढे आहे. ज्वालेला कॅट, फ्लेक्सी (जाळीची लवचिक नळी), लांबलचक नळी आणि सायलेन्सर पार करून मागच्या बंपरपर्यंत यायचं म्हणजे साडेतीन-चार मीटरचा प्रवास. वाटेत ती थंड होऊन विझते. म्हणूनच तुमच्या ट्यूनरला कॅट काढायचं आहे. नुसत्या रिमॅपने आवाज येईल, ज्वाला बहुधा येणारच नाही.

दुसरं कारण मर्यादांचं. कंपनी जे फटाके ठेवते ते फक्त स्पोर्ट मोडमध्ये, ठराविक आरपीएममध्ये आणि मोजकेच क्षण असतात. ईसीयू सतत कॅटच्या तापमानाचा हिशेब ठेवतो. ते वर गेलं की फटाके बंद. या हिशेबामागे टेस्ट बेंचवरचे शेकडो तास असतात. बाहेरच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा हाच भाग नसतो, आणि फाइल दुसऱ्या देशातल्या पेट्रोलवर बनवलेली असेल तर मिश्रणाचं गणितही आपल्या इथेनॉलच्या पेट्रोलला जुळत नाही. "कंपनीच्या गाड्यांतही असतं" हे अर्धंच वाक्य आहे. कंपनीच्या गाड्यांत ते कधी थांबवायचं हेही असतं.

आता तुमच्या गाडीचं गणित करू. एक लिटरचं इंजिन, ५००० आरपीएम, थ्रॉटल किंचित उघडा, सिलिंडर क्षमतेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत भरतोय. सेकंदाला साधारण साडेबारा ग्रॅम हवा आत जाते, म्हणजे पाऊण ते एक ग्रॅम पेट्रोल. एक ग्रॅम पेट्रोल जळलं की सुमारे ४४ हजार जूल उष्णता सुटते. कॅटच्या आतली सिरॅमिकची वीट एक किलोची धरली आणि ती सगळी उष्णता विटेत राहिली, तर ग्रॅमला साधारण ४० अंशांची वाढ. प्रत्यक्षात थोडी सिलिंडरमध्ये जाते, थोडी वायूबरोबर निघून जाते; पण लहान गाडीची वीट एक किलोपेक्षा हलकीही असते. सिग्नलपाशी दोनदा फट-फट झालं तर कॅट ते सोसेल. पण खंडाळ्याचा घाट उतरताना काय होईल ते बघा. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय उचललेला, मिनिटामागून मिनिट. जिथे मूळ सेटिंगमध्ये एक थेंबही पेट्रोल जात नाही, तिथे ही गाडी उताराभर कॅटमध्ये आग पेटवत खाली येते. वर इंजिन ब्रेकिंग कमी होतं, कारण थोडा जोर अजून पिस्टनवर येतच असतो, आणि तो भार ब्रेक पॅडवर पडतो. हे नुकसान ज्वालेच्या व्हिडिओत दिसत नाही.

कॅटमधली वीट साधारण १४५० अंशांना वितळते, पण तिच्यावरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर त्याच्या बराच आधी, ९५०-१००० अंशांच्या वर सतत राहिला की निकामी व्हायला लागतो. हे मूलद्रव्यांचे अतिसूक्ष्म कण उष्णतेने एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग घटतो. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) येतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे वीट तडकून तुकडे सुटणं. ते पुढच्या भोकांत अडकले की वायूची वाट बंद होते आणि गाडी ३००० आरपीएमच्या वर ओढतच नाही. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून असं तापलेलं कॅट गेलं तर तडकण्याची शक्यता आणखी वाढते.

"पण कॅट तर काढणारच आहोत," असं ट्यूनर म्हणेल. मग उष्णता तशीच पुढे जाते. टर्बाइन कॅटच्या आधी आहे, त्यामुळे त्याचा भार कॅट काढून एका अंशानेही कमी होत नाही. आजच्या पेट्रोल टर्बोची टर्बाइन ९५० ते १०५० अंशांच्या वायूसाठी बनवलेली असते, आणि ती मर्यादा जळून आलेल्या वायूची असते. टर्बाइनच्या तोंडाशीच आग पेटली तर पात्यांवर धक्के बसतात, हाउसिंगला तडे जातात, वेस्टगेटची टोपी नीट बसेनाशी होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडा आणि सीट जळतात. पुढचा लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) काजळीने सुस्त होतो. फ्लेक्सीची जाळी फाटते. सायलेन्सरमधली काचलोकर जळून उडते आणि चार-सहा महिन्यांत आवाज पोकळ होतो. मागचा बंपर पॉलिप्रोपिलीनचा असतो. तो १६० अंशांच्या आसपास वितळतो. अशा गाड्यांच्या टेलपाइपवरची बंपरची कड जवळून पाहा. रंगाला फोड, प्लास्टिकला लहर, आतून काजळी. फोटो काढताना ती कड कुणी दाखवत नाही.

आणि ऑइल. पूर्ण न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म धुऊन रिंगांमधून खाली झिरपतं. डिपस्टिक काढून हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ऑइलची पातळी खाली जायच्या ऐवजी चढत असेल, तर ऑइल पातळ झालंय. हे टर्बोच्या बेअरिंगला सगळ्यात आधी लागतं, कारण ते ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत फिरतं.

ज्वालेच्या रंगावरून थोडं. बुडाशी निळी असेल तर पेट्रोल आणि हवा नीट मिसळून जळतायत. लांब, केशरी आणि शेवटी काळा धूर असेल, तर ते तापलेले काजळीचे कण चमकतायत: पेट्रोल जास्त, हवा कमी. लांब केशरी ज्वाला टाकणारी गाडी अधिक ताकदवान असते हा समज चुकीचा आहे. जे पेट्रोल नळीबाहेर जळलं त्याने पिस्टन ढकलला नाही.

बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त पेटण्याची जागा त्यांनी सांगितली नाही. इंजिन अचानक पेट घेत नाही. धोका असतो तापलेल्या नळीच्या आजूबाजूला: टर्बोजवळची ऑइलची ओली नळी, वितळलेलं वायरिंग, उडालेली हीट शील्ड, पार्किंगमध्ये खाली साचलेला सुका पालापाचोळा किंवा प्लास्टिकची पिशवी. दुसरा धोका गाडीबाहेरचा. अंधेरीच्या सिग्नलला तुमच्या टेलपाइपपासून हातभर अंतरावर स्कूटरवाल्याची पोटरी असते. सीएनजीच्या रांगेत पुढे-मागे रिक्षा असतात. ज्या उंचीवर तुमची ज्वाला निघते, त्याच उंचीवर आपल्याकडे माणसांचे पाय आणि लहान मुलं असतात. एवढं एक कारणसुद्धा आम्हाला नाही म्हणायला पुरेसं वाटतं.

टेलपाइपच्या टोकाशी वेगळा स्पार्क प्लग बसवणारं फ्लेम किटही कुणी तरी तुम्हाला दाखवेल. त्यात इंजिनाची ठिणगी बंद करून कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये भरतात आणि टोकाला पेटवतात. पेट्रोल थोडं जास्त साठलं की स्फोट टोकाशी न होता सायलेन्सरच्या पोटात होतो आणि त्याची शिवण फाटते. याला अजिबात हात लावू नका.

बुलेटचं कोडं याच जातीचं आहे. जुनी बुलेट कार्ब्युरेटरवर चालते. चालत्या गाडीत किल स्विच दाबला की ठिणगी बंद होते, पण पिस्टन फिरतोच आहे आणि प्रत्येक ओढीला कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खेचतोच आहे. ते गार, कच्चं सायलेन्सरमध्ये साठतं. स्विच सोडला की पहिल्या ठिणगीबरोबर सगळं एकदम पेटतं. काही झालेलं नाही हे मित्राला आज वाटतंय. सायलेन्सर हलवून आतला बॅफल (आवाज दाबणारा पडदा) खडखडतो का ते बघायला सांगा, आणि सिलिंडर-रिंगांची झीज बघायची तर कॉम्प्रेशन तपासायला सांगा. इंजेक्शनच्या नव्या बुलेटवर हा प्रकार करणं तर आणखी महाग, कारण तिच्या एक्झॉस्टमध्ये कॅट आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीत असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं: पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. कॅट नसलेली गाडी प्रामाणिकपणे तपासली तर पीयूसीत बसणं कठीण. आणि न कळवलेला बदल पुढे अपघाताच्या क्लेममध्ये विमा कंपनी तुमच्यासमोर ठेवू शकते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत तर बदललेली फाइल सापडली की कंपनीच्या नोंदीत टीडी१ अशी खूण लागते आणि वॉरंटी अडचणीत येते. सेकंडहँड गाडीला ती आधीच लागलेली आहे का, हे सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन विचारा.

आता तुमच्या फट-फटीकडे. हजार-दोन हजारांत मिळणारा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि कोड वाचणारा) घ्या. त्याचा सॉकेट डॅशबोर्डखाली, स्टीअरिंगच्या बाजूला असतो. सोबत एक माणूस घ्या, पडदा त्याने बघायचा, तुम्ही रस्ता. इंजिन पूर्ण तापल्यावर रिकाम्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ४००० आरपीएमपर्यंत जा आणि पाय पूर्ण उचला. वेग पन्नास-साठच्या आसपासच राहील. त्या दोन-तीन सेकंदांत तीन आकडे टिपायचे: पुढच्या सेन्सरचा लॅम्डा (एक म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं, त्याच्या वर म्हणजे हवा जास्त), इग्निशन टायमिंग आणि फ्युएल सिस्टिमची स्थिती. लॅम्डा एकदम वर, दोनच्या दिशेने किंवा मोजण्याच्या टोकाला गेला आणि स्थितीत इंधन बंद असल्याचं दिसलं, तर इंजेक्टर बंद होतायत, मूळ फाइल असण्याची शक्यता मोठी. लॅम्डा एकच्या आसपास किंवा खाली राहिला आणि टायमिंग उणे वीस-पंचवीस दाखवत असेल, तर आधीच्या मालकाने बहुधा पॉप-बँगची फाइल टाकलेली आहे. म्हणजे तुम्ही ज्याचे ४० हजार मोजायला निघालात त्यातलं अर्धं काम गाडीवर आधीच झालेलं आहे.

दुसरी चाचणी मागच्या सेन्सरची. गाडी स्थिर वेगात असताना कॅट चांगलं असेल तर तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत असतो. पूर्ण पाय दाबल्यावर ०.८ च्या वर आणि पाय उचलल्यावर ०.१ कडे जायला हवा. काहीही केलं तरी आकडा हलतच नसेल, किंवा मॉनिटरच्या यादीत कॅटची तपासणी कायम अपूर्णच दिसत असेल, तर सेन्सर बिघडलाय, फाइलमधून बंद केलाय किंवा त्याच्याखाली स्पेसर (त्याला वायूपासून लांब धरणारा तुकडा) लावलाय असा संशय घ्या. मग गाडी लिफ्टवर घ्या. कॅटच्या डब्याला नवी वेल्डिंग दिसते का, डबा रिकामा वाजतो का, रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत तुकडे खडखडतात का ते बघा. कॅट गार असताना.

फाइल मूळ निघाली तरी आवाज येतोच, तर बिघाड असा शोधा. आधी गळती: सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू करताना बॉनेटखाली टिक-टिक येते आणि तापल्यावर कमी होते का? मग मॅनिफोल्डचा गॅस्केट किंवा फ्लँज सुटलाय आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जातेय. मग मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं: स्कॅनरवर पी०३०० ते पी०३०३ पैकी काही आहे का? तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात कोणता सिलिंडर ते शेवटचा आकडा सांगतो; तो शून्य असेल तर एकच ठरावीक सिलिंडर नाही. त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्यावर लावून पाहा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, जागेवर राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी चालवणं थांबवा. त्याचा अर्थ कच्चं पेट्रोल त्या क्षणी कॅटमध्ये जातंय. तिसरा संशयित सहसा कुणाला आठवत नाही: पर्ज व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की टाकीतली पेट्रोलची वाफ सतत इनटेकमध्ये येते. टाकी फुल केल्यावर लगेच गाडी चालू व्हायला त्रास देत असेल तर आधी तोच तपासा.

जुनी फाइल सापडली तर ती काढून कंपनीची मूळ फाइल परत टाकून घ्या. ट्यूनर नुसतं "स्टॉक करून दिलं" म्हणाला की पुरत नाही. वरची दुसऱ्या गिअरची चाचणी त्याच्यासमोर पुन्हा करा. सोबत ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग काढून पाहा, आणि तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. असेल तर लीक-डाउन टेस्ट करून वारा व्हॉल्व्हमधून जातोय की रिंगांमधून, हे कळून घ्या.

४० हजारांचं म्हणाल तर तुमच्या रोजच्या गाडीवर हे करू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. त्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड येतात आणि गाडी घाटात खरंच वेगळी वागते. ज्वालेचीच ओढ असेल तर ती वेगळ्या, फक्त ट्रॅकच्या गाडीवर पुरवा: मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा थर्मोकपल, ईसीयूत ९०० अंशांना फटाके थांबवणारी मर्यादा, मागे कुणी उभं राहणार नाही अशी जागा आणि हाताशी दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. मुंबईच्या जवळ लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत; अशा स्पर्धेत आधी प्रेक्षक म्हणून जा आणि धाव संपवून परतलेल्या गाडीचं बॉनेट उघडतात तेव्हा टर्बोचा रंग बघा.

चाचणी झाल्यावर आम्हाला पुन्हा लिहा. पाय उचलल्यावरचा लॅम्डा, टायमिंग, मागच्या सेन्सरचे तिन्ही आकडे आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी एवढं कळवा. त्यावरून कॅट वाचलंय की नाही ते सांगता येईल. तोवर या गाडीने घाट उतरणं शक्यतो टाळा.